सत्तावन्न गुणांची आई

"या कागदावर खरं काय ते सांगा हं, दुक्तोरा. जिन्यात शेजारणीला सांगतो तसं नको."

हा इशारा मला आमच्या विद्यापीठाच्या स्वास्थ्य केंद्रातल्या नर्स अवातिफबाईंनी दिला होता. स्पष्ट शब्दांत, तोंडावर, चार माणसांत. आणि मी हसले होते. मी संख्याशास्त्र विभागात सहाय्यक अध्यापिका आहे. माणसं फॉर्म भरताना कुठे, किती आणि का खोटं बोलतात, यावर मी दर वर्षी दीडशे मुलांना सहा तास शिकवते आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न काढते. अशा बाईला फॉर्म कसा भरायचा ते आता नर्स शिकवणार?

(दुक्तोरा म्हणजे डॉक्टर. मी ती अजून झालेली नाही. माझी साधी एम.एस्सी.सुद्धा अडकून पडली आहे. पण आमच्याकडे जी बाई विद्यार्थिनी न वाटता विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरते, तिला पहारेकऱ्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे दुक्तोराच म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करत असे. आता करत नाही.)

प्रकरण होतं पाळणाघराचं. माझा तमीम दहा महिन्यांचा. आतापर्यंत त्याला सासूबाई सांभाळत होत्या, पण त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि उपचारासाठी एक तारखेपासून त्या अलेक्झांड्रियाला नणंदेकडे जायच्या होत्या. विद्यापीठाच्या पाळणाघरात जागा उरली होती एक आणि अर्ज आले होते पंधरा. जागा मिळाली नाही तर मला बिनपगारी रजा घ्यावी लागणार, आणि रजा घेतली की सप्टेंबरात प्रबंधाची मुदत संपून चार वर्षांची मेहनत रद्दीत. म्हणजे माझं सगळं करिअर त्या वेळी एका पिवळ्या रंगाच्या बदकाच्या चित्राखालच्या रिकाम्या खाटल्यावर अवलंबून होतं. मी ते खाटलं जाऊन पाहूनही आले होते. दोनदा.

यंदा नियम नवा होता. बाळाच्या लसींच्या पुस्तकाबरोबर आईचं स्वास्थ्य-पत्रक हवं. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, आणि खाली सरकारी गरुडाचा शिक्का. शिक्क्याशिवाय आमच्याकडे माणूस जिवंत आहे हेही सिद्ध होत नाही.

स्वास्थ्य केंद्र क्रीडांगणाच्या मागे आहे. तिथे काय नाही? वजनकाटा आहे, तो तीन किलो जास्त दाखवतो. हे सगळ्यांना माहीत असल्यानं प्रत्येक जण मनातल्या मनात पाच वजा करतो. 'मन मोकळं करा' असं लिहिलेली पत्रकं आहेत, ती फळ्या पुसायला छान पडतात. एक विश्रांती-कक्ष आहे. त्यात अंग दाबून देणारी विजेवरची खुर्ची आहे, आणि ती खराब होऊ नये म्हणून तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. कक्षाला कुलूप असतं. किल्ली ज्यांच्याकडे असते ते विश्रांतीसाठी रजेवर असतात.

मी गेले ती सुहाबरोबर. सुहा माझ्याच विभागात, माझ्याच खोलीत, समोरच्या टेबलावर. तिची मलक चौदा महिन्यांची आणि नवरा कुवेतला. तिनंही अर्ज केला होता. सुहा म्हणजे हसरं माणूस. मी सकाळी खोलीत शिरले की ही आधीच चहा करून बसलेली, "ये गं, साखर जास्त पडलीय, तुझ्यासारख्या कडू बाईला बरी."

जाता जाता मी शेजारच्या खिडकीवर आणखी एक अर्ज सरकवला. त्या खिडकीचं नाव 'पर्यावरण-आरोग्य', काम उंदीर मारण्याचं. आमच्या खोलीत उंदीर झाले होते. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, हे मी नम्रपणे नमूद करते. टेबलाखाली तिळाच्या टोस्टचे तुकडे, फायलीच्या कोपऱ्यांवर दातांच्या खुणा, आणि व्हरांड्याच्या टोकाच्या झेरॉक्सच्या खोलीकडून येणारं बारीक चूं-चूं. मी तीन आठवडे वेळेसकट नोंदी ठेवल्या आणि आलेख काढून अर्जाला जोडला. उंदीर सोमवारी आणि बुधवारी दहा ते बारा या वेळात सर्वाधिक सक्रिय होता. इतका वक्तशीर प्राणी आमच्या विभागात दुसरा नव्हता.

सुहानं तो आलेख पाहिला. "कशाला गं," ती म्हणाली, "बिचारा उंदीर. राहू दे की."

"उंदरांनी रोगराई पसरते," मी म्हटलं. "तुझ्या घरी लहान मूल आहे, तुला कळायला हवं."

तिनं नुसती मान हलवली. मला वाटलं, पटलं.

आता केंद्रात काय झालं ते सांगण्याआधी एक खुलासा केला पाहिजे. मी दृष्टबिष्ट मानत नाही. मानत नाही, फक्त धोका पत्करत नाही. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो मी फळ्यावर आकृती काढून समजावू शकते. तमीम संध्याकाळी आठला झोपतो आणि पहाटे पाचला उठतो. मध्ये हूं नाही की चूं नाही. दोन वेळा वाडगाभर डाळीचं सार पितो आणि वाडगा चाटतो. ही माहिती जगात चारच माणसांना आहे: मी, माझा नवरा हुसाम, सासूबाई आणि मुलांचे डॉक्टर. वरच्या मजल्यावरच्या मॅडम सौसन जिन्यात भेटल्या की विचारतात, "कसा आहे पोरगा?" आणि मी म्हणते, "काय सांगू, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दात येतायत." हे मी त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून सांगते आहे. या हिशेबानं एव्हाना त्याच्या तोंडात मगरीइतके दात हवेत. आहेत दोन.

तर, केंद्रातल्या बाकावर चार अनोळखी बायका, मी आणि सुहा. फॉर्म झेरॉक्सच्या झेरॉक्सचा झेरॉक्स असल्यानं कुणालाच वाचता येईना. म्हणून अवातिफबाई प्रश्न तोंडपाठ, खणखणीत आवाजात विचारत होत्या आणि उत्तरं स्वतः लिहीत होत्या. मला इशारा दिला तो तेव्हाच.

"मूल रात्री सलग झोपतं?"

बाकावरच्या चारही बायकांनी बोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. आठ डोळे. त्यांतले दोन घारे. तुम्हीच सांगा, अशा वेळी कोणती आई 'नऊ तास' म्हणेल?

"नाही," मी म्हणाले.

"अजिबात?"

"अजिबात."

"खातं?"

"चिमणी जास्त खाईल."

"नवरा घरात मदत करतो?"

त्याच सकाळी हुसामनं माझा फुलाफुलांचा एप्रन बांधून भांडी घासली होती. पण हे चारचौघींत सांगून त्याच्यावरही डोळे ओढवून घ्यायचे, आणि वर त्याची औषधाच्या दुकानातली इज्जत घालवायची? "नवरा कसली मदत करतोय, बाई!" मी म्हटलं. बाकानं एकसाथ उसासा टाकला. एकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगते, मला बरं वाटलं. पुढच्या प्रश्नांना मी जरा रंगातच आले. भूक? मेली. अंग? ठणकतं. रडू? त्या बाकाची निराशा करणं मला जमलं नाही.

साठपैकी सत्तावन्न. गुण जितके जास्त तितकी बाईची अवस्था वाईट. तरी सत्तावन्न हा आकडा ऐकून, लहानपणापासूनची सवय, मी क्षणभर खूश झाले.

मग सुहाची पाळी.

"झोप होते?"

"अल्हम्दुलिल्ला."

"होते की नाही होत, सुहा?"

"अल्हम्दुलिल्ला म्हटलं ना, अवातिफबाई. देवानं दिलंय त्यात खुसपटं कशाला काढायची?"

"मदतीला कुणी आहे?"

"अल्हम्दुलिल्ला."

वीस प्रश्नांना एकच उत्तर: देवाचे आभार. अवातिफबाईंनी पेन आपटलं आणि बेरीज केली. दोन.

परत येताना मी तिला म्हटलं, "तुला भीती नाही वाटत? चारचौघींत सगळं छान आहे म्हणून सांगितलंस."

"छान कुठे म्हटलं मी?" सुहा हसली. "अल्हम्दुलिल्ला म्हटलं."

मी हे वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. उंदराचा आलेख काढणारी बाई मी.

केंद्राच्या प्रमुख दुक्तोरा लुबना. या खऱ्या दुक्तोरा. नव्या आलेल्या, कामावर मनापासून विश्वास असलेल्या, म्हणजे आमच्या विद्यापीठात धोकादायकच. माझे सत्तावन्न गुण पाहून त्यांनी लगेच फॉर्मवरचा तातडीचा नंबर फिरवला. तो सासूबाईंचा होता. पुढचं सासूबाईंच्याच तोंडून ऐका:

"एका बाईचा फोन. आवाज असा मधासारखा. विचारते काय, तर नातू झोपतो का! मी काय दूधखुळी आहे? अनोळखी बाईला सांगू, पाशासारखा घोरतो म्हणून? म्हटलं, कुठला झोपतो बाई, माझ्या सुनेचं पार चिपाड झालंय."

मग दुक्तोरा लुबनांनी हुसामला फोन लावला. दुकानात गिऱ्हाइकांची रांग. हुसाम म्हणाला, पोरगं काही खात नाही. तुम्ही घरात मदत करता का, या प्रश्नावर त्यानं रांगेकडे पाहिलं आणि छाती काढून म्हणाला, "मी? घरात? छे!"

तीन स्वतंत्र साक्षीदार, तिघांचं एकच म्हणणं. संख्याशास्त्रात याहून भक्कम पुरावा नसतो. मीसुद्धा मान्य केला असता.

एवढ्यावर थांबतं तर बरं. पण फोन ठेवल्यावर सासूबाई विचारात पडल्या. विद्यापीठातून फोन का यावा? याचा अर्थ सुनेला काहीतरी मोठं झालंय आणि ती लपवते आहे. त्यांनी हे मॅडम सौसनना 'फक्त तुलाच सांगते' म्हणून सांगितलं. दुपारच्या नमाजापर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. रविवारी कामाचा आठवडा उघडला तेव्हा विभागाच्या फोनवरच्या गटात माझ्यासाठी दुआ मागणारे चाळीस संदेश होते. त्यांत एक माझाही होता. कुणीतरी आजारी दिसतंय म्हणून मी न वाचताच 'देव लवकर बरं करो' असं लिहिलं होतं.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं ही टाळायची गोष्ट नाही. आणि रिकाम्या हातानं तर कुणी जात नाही. मंगळवारपर्यंत आमच्या घरात पेरूच्या रसाचे बावीस खोके, संत्र्यांच्या सात पिशव्या आणि साखर इतकी जमली की हुसाम तिच्यावर पाय ठेवून बूट बांधायला लागला. प्रत्येक पाहुण्याला चहा. आता चहा देणं म्हणजे नुसतं देणं नव्हे. पहिल्यांदा विचारलं की पाहुणा म्हणणार नको. दुसऱ्यांदा, खरंच नको. तिसऱ्यांदा आपण देवाची शपथ घालायची, मग तो कप उचलणार. एकदाच विचारून ट्रे आत नेणारी बाई आमच्याकडे जन्मभर लक्षात राहते.

आणि सल्ले! मॅडम सौसन कलौंजीचं तेल घेऊन आल्या. "सकाळी चमचाभर, उपाशीपोटी. माझ्या भाचीला असंच झालं होतं."

"असंच म्हणजे कसं, मॅडम सौसन?"

"हे तुला झालंय ना, तसंच."

"मला काय झालंय?"

"ते सांगू नकोस, पोरी. सांगितलं की वाढतं." मग माझ्या कपाटाकडे बघून, "आणि ही आकड्यांची पुस्तकं काढून टाक. आकड्यांनी डोकं तापतं, दूध आटतं."

बुधवारी संध्याकाळी साडेसातला विभागप्रमुख दुक्तोर इज्जत स्वतः आले. सोबत विभागातले सहा जण, सुहासुद्धा. ती तासभरच थांबणार होती आणि सारखी घड्याळ बघत होती. मी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सोनेरी नक्षीच्या खुर्चीत मलूल होऊन बसले. मलूल दिसणं काही कठीण गेलं नाही, तीन दिवस चहा करत होते. खरी अडचण तमीमची होती. आठ वाजता तो झोपणार म्हणजे झोपणार, आणि त्याच्या न झोपण्यावर तर आमची सगळी मांडणी उभी! आतल्या खोलीत हुसाम त्याला जागं ठेवायला नाचत होता. भिंतीतून धप धप ऐकू येत होतं.

"काय आवाज?" दुक्तोर इज्जतनी विचारलं.

"पोराला वारं सहन होत नाही," सासूबाई म्हणाल्या. या उत्तराचा प्रश्नाशी काहीही संबंध नव्हता, पण त्या इतक्या ठामपणे म्हणाल्या की सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आणा त्याला इकडे," दुक्तोर इज्जत म्हणाले. "आम्हाला पाच मुलं आहेत."

घामाघूम हुसामनं तमीमला त्यांच्या मांडीवर ठेवलं. आठला दोन मिनिटं कमी होती. तमीमनं विभागप्रमुखांच्या मिशीकडे एकवार पाहिलं, त्यांच्या टायवर गाल टेकला आणि दगडासारखा झोपला. वर घोरायला लागला.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माऊलीनं दोन्ही हात आकाशाकडे केले.

"दहा महिन्यांत पहिल्यांदा! पहिल्यांदा झोपला हो! दुक्तोर, तुमच्या मांडीत बरकत आहे!"

दृष्ट लागू नये म्हणून सगळ्यांनी माशाल्ला म्हटलं. दुक्तोर इज्जतचे डोळे भरून आले. ते एक तास दहा मिनिटं हालले नाहीत. उठताना पायाला मुंग्या आल्यामुळे दोघांनी धरून नेलं. तेव्हापासून त्यांचा या बरकतीवर पक्का विश्वास बसला असून, विभागात कुणाचं मूल दिसलं की ते हात पुढे करतात.

पुढच्या रविवारी पाळणाघराची यादी लागली. पहिलं नाव तमीम. दुक्तोरा लुबनांचा नवा निकष होता: ज्या आईची अवस्था सगळ्यांत बिकट, तिला जागा. मला जागा मिळाली! पिवळं बदक माझं झालं. यादीच्या तळाला, पंधराव्या क्रमांकावर, मलक. शेरा: 'निकड नाही.'

माझा आनंद अर्धा तास टिकला. मग विभागाच्या फळ्यावर एक पत्र लागलं, गरुडाच्या शिक्क्यासह: 'सहाय्यक अध्यापिका रीहाम यांची मनःस्थिती लक्षात घेता त्यांना हलकी कामं द्यावीत.' माझे तास काढून घेतले आणि मला परीक्षागृहातल्या खुर्च्या मोजायला पाठवलं. चारशे बारा होत्या. दुसऱ्यांदा मोजल्या तर चारशे नऊ. विद्यार्थी माझ्याशी हळू आवाजात, सोपी वाक्यं करून बोलू लागले. चहावाला कप देताना म्हणायचा, "दोन्ही हातांनी धरा हं, दुक्तोरा." एम.एस्सी.च्या उंबरठ्यावर असलेल्या बाईनं हे का सोसायचं? पिवळ्या बदकासाठी.

सोमवारी दुपारी उंदीरवाले आले. तीन सह्या आणि दोन आठवडे लागले, पण आले. माझा आलेख त्यांना फार आवडला. त्यांनी झेरॉक्सच्या खोलीत कपाटामागे एक चिकट पुठ्ठा ठेवला. त्यावर उंदीर आला की चिकटतो. मी समाधानानं खुर्च्या मोजायला गेले.

बुधवारी साडेदहाच्या सुमारास त्या खोलीतून चूं असा एकच, दीर्घ आवाज आला. मी विजयानं धावले. दार ढकललं. कपाटामागे वाकले.

पुठ्ठ्यावर उंदीर नव्हता. एक गुलाबी बूट होता. एवढासा, तळव्यात शिट्टी असलेला, चालताना चूं-चूं वाजणारा. मी बोटानं दाबला. चूं.

मागे कागदांच्या गठ्ठ्यांवर सफाईवाल्या उम्म सय्यद बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर मलक. एका पायात बूट, एका पायात नाही. हातात तिळाचा टोस्ट.

"दुक्तोरा," उम्म सय्यद घाबरून म्हणाल्या, "देवाची शपथ, वर सांगू नका. पायच अडकला होता, मी सोडवला. तिची आई वर्गात आहे."

सोमवार आणि बुधवार, दहा ते बारा. सुहाचे तास. माझा आलेख शंभर टक्के अचूक होता, फक्त प्राणी चुकला होता.

त्या पुठ्ठ्यावर बुटाऐवजी बोटं असती तर? मी मलकची दोन्ही हातांची बोटं मोजली. दहा. पुन्हा मोजली. मग तिला कडेवर घेऊन आमच्या खोलीत जाऊन बसले. बारा वाजता सुहा आली. आम्हा दोघींना पाहून दारातच थांबली, आणि तिनं काय करावं? हसली.

"कशी आहेस, सुहा?" मी विचारलं.

"अल्हम्दुलिल्ला. आज जरा हिला..."

"कशी आहेस?"

"अगं अल्हम्दुलिल्ला, खरंच. काही कमी नाही."

त्या क्षणी मला चहाचा ट्रे आठवला. आयुष्यभर मी परक्या माणसांना साध्या कपभर चहासाठी तीन-तीनदा विचारत आले, आणि हिला, जी रोज समोर बसते तिला, 'कशी आहेस' एकदाच विचारून ट्रे आत नेत होते.

"सुहा, तुला देवाची शपथ," मी म्हणाले. "कशी आहेस?"

ती खुर्चीत बसली. पर्स मांडीवरून खाली घसरली, तिनं उचलली नाही. मग सांगायला लागली. दोन महिन्यांपूर्वी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, ते अंथरुणावर आहेत. दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. मलकला सांभाळणारी शेजारीण कैरोला गेली. वडिलांपाशी सकाळी मावशी बसते, पण तिला दोघं झेपत नाहीत. नवऱ्याला सांगितलं तर तो नोकरी सोडून येईल. मलकचे खरोखरच दात येतायत, ती खरोखरच झोपत नाही. भूक मेली आहे. अंग ठणकतं. कालच वर्गात फळ्याकडे तोंड करून रडली, मुलांना वाटलं अवघड गणित आहे.

मी ऐकत होते आणि माझे कान गरम होत होते. हा माझाच फॉर्म होता. एकेक उत्तर, त्याच क्रमानं. मी बाकासमोर रंगवलेली ती सत्तावन्न गुणांची बाई खरोखर अस्तित्वात होती. ती रोज माझ्या चहात साखर घालत होती, आणि जागा मी घेऊन बसले होते.

"मग फॉर्मवर का नाही सांगितलंस?"

"एवढ्या बायकांसमोर?" सुहानं नाक पुसलं. "आणि वडील आहेत अजून, मुलगी आहे, नोकरी आहे. तक्रार कशी करायची?"

मी मलकला उचललं, सुहाला उठवलं, आणि तिघी क्रीडांगणाच्या मागे निघालो. बूट पुठ्ठ्यासकट माझ्या हातात.

दुक्तोरा लुबनांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुमचा फॉर्म खोटा होता, रीहाम?"

"खोटा नाही," मी म्हणाले. "सावध."

फॉर्म रद्द करता येत नाही, नवा भरावा लागतो. तोच बाक, तोच खणखणीत आवाज. बायका पाच.

"मूल रात्री झोपतं?" अवातिफबाईंनी विचारलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मला तो पहिला इशारा शब्दन् शब्द आठवला.

दहा डोळे. "झोपतो," मी म्हणाले. "आठ ते पाच."

"माशाल्ला," बाकावरून कुणीतरी म्हणालं. मला तो सूर आवडला नाही. मी लाकडाला हात लावायला वळले तर बाक प्लास्टिकचा. उठून दाराच्या चौकटीपर्यंत गेले, तीनदा टकटक केली आणि परत आले.

"खातं?"

"वाडगा चाटतो."

"नवरा?"

"भांडी घासतो." एक बाई डोळे मोठे करून माझ्याकडे सरकली. "शुक्रवारी कपडेसुद्धा," मी म्हणाले. आता लपवून काय उपयोग होता?

"त्याला भाऊ आहे का?" बाकानं विचारलं.

"रडू येतं?" अवातिफबाईंनी विचारलं.

इथे मी पटकन 'नाही' म्हणणार होते. "कधी कधी," मी म्हणाले. "तो दुपारी इतका गाढ झोपतो की श्वास चालू आहे का बघायला मी जाते. चालू असतो. मग तिथेच बसून रडते."

बाकावर कुणी उसासा टाकला नाही. अवातिफबाईंनी हळूच लिहिलं. अकरा गुण.

सुहाचा फॉर्म मात्र दुक्तोरा लुबनांनी स्वतः, दार लावून, चहा मागवून भरला. प्रत्येक प्रश्न तीनदा. बाहेर आल्यावर कळलं: चोपन्न. मी जरा दुखावले. माझे सत्तावन्न होते.

मग त्यांनी विश्रांती-कक्षाचं कुलूप काढलं. किल्ली कुंडीखाली होती. खुर्चीवरचं प्लास्टिक त्यांनी कात्रीनं टराटरा फाडलं. सगळं केंद्र हळहळलं. सुहा त्यात बसली, खुर्चीनं घरघर सुरू केली, आणि तिसऱ्या मिनिटाला तमीमला लाजवेल अशी झोपली. मलक तोवर विभागात, दुक्तोर इज्जतच्या मांडीवर. ती झोपली नाही, तिनं त्यांची मिशी ओढली. ते म्हणाले, बरकतीला वेळ लागतो.

पिवळं बदक आता मलकचं आहे. मला माझे तास परत मिळाले, प्रबंधही सरकतो आहे, कारण हुसामनं दुकानात संध्याकाळची पाळी घेतली आहे आणि सकाळी तमीम त्याच्याकडे असतो. मॅडम सौसनना आम्ही सांगितलंय की हुसामची पाठ धरली आहे. माझ्या त्या कबुलीजबाबानंतर दुसऱ्याच दिवशी तमीमला ताप आला. सासूबाई अलेक्झांड्रियाहून फोनवर एवढंच म्हणाल्या, "आणि सांग चारचौघींत." ताप तिसरा दात आल्याचा होता. मी दृष्टबिष्ट मानत नाही. तरी तुम्ही विचारलंत तर सांगते, तो रात्रभर झोपत नाही.

पण माझं सोडा. तुमच्या समोरच्या टेबलावर कोण बसतं? जी आधी येऊन चहा करते, सारखी घड्याळ बघते, आणि कधी विचारलं तर मजेत आहे म्हणून हसते, ती? आज जरा तिच्यापाशी जा. तिला विचारा कशी आहेस. ती म्हणेल, मजेत. उठू नका. पुन्हा विचारा. ती म्हणेल, खरंच मजेत. तरी उठू नका. खुर्ची थोडी पुढे ओढा, आणि तिसऱ्यांदा विचारा.